देवळाकडच्या पाखाडीचं काम: नोंदी, जानेवारी ते ऑक्टोबर २०२५

आमची वाडी राजापूर तालुक्यात, उतारावर. वर डांबरी रस्ता, खाली घरं आणि देऊळ, आणि मधे ही पाखाडी. म्हणजे चिऱ्यांची (जांभ्या दगडाच्या कापीव ठोकळ्यांची) पायवाट, पायऱ्या पायऱ्यांची. लांबी ४२० फूट. वरचे १३० फूट जुने चिरे अजून चांगले आहेत. मधले १५० फूट सहासात वर्षांपूर्वी काँक्रीट करून दिलेलं, तेच सगळ्यात वाईट. खालचे १४० फूट जुनंच पण खचलेलं. शाळेची पोरं, दूध घालणारे, डोक्यावर गॅस सिलेंडर घेऊन उतरणारी माणसं, आणि कोणी आजारी पडलं तर खुर्चीत बसवून वर रस्त्यापर्यंत नेणारे, सगळे इथूनच. दुसऱ्या कुठल्या वाडीला असं काम काढायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवल्यात, पैशांसकट.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभेत विषय घेतला. पहिला प्रश्न आला तो पैशाचा नाही, पाखाडी २३ नंबरला आहे का हा. २३ नंबर म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. तिथे नोंद नसेल तर पंचायत एक रुपया घालू शकत नाही आणि उद्या कोणी गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) घालून वाट अडवली तर हातात कागद नाही. नोंद निघाली, पण रुंदीचा रकाना कोरा. ठराव करून ५ फूट लिहून घेतली. तुमच्याकडे काम सुरू करायच्या आधी हे बघाच, यात नंतर महिने जातात.

पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून ४० हजार मिळतील असं ठरलं, बाकी वाडीची वर्गणी आणि मुंबईचं मंडळ. श्रमदान दर रविवारी.

२ फेब्रुवारी

मोजमाप. टेप, दोरी आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढ्यावर झालं. मधल्या १५० फुटांत उतार जवळजवळ ३० फूट उतरतो.

वाडीतले सगळ्यात जुने आबा काठी टेकत आले आणि म्हणाले "पानी कुठनं येतंय ते आधी बघा रे, चिरे मग आणा." मग वरच्या घरातून पाइप लावून रस्त्याच्या कडेला पाणी सोडलं आणि मागून चालत गेलो. सगळं पाणी पाखाडीतच शिरतं! वरच्या डांबरी रस्त्याचं गटार मातीने भरलेलं, मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) बंद, त्यामुळे पावसात अख्ख्या रस्त्याचं पाणी आमच्या पायऱ्यांवरून देवळापर्यंत जातं. काँक्रीट का फुटलं हे तिथेच कळलं. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते पाणी वाटेवर घेतलं तर कुठलंच काम टिकणार नाही.

म्हणून कामाचा क्रम बदलला. आधी वरची मोरी मोकळी करायची, मग वरच्या तोंडाशी आडवा चर मारून पाणी पऱ्याकडे (ओढ्याकडे) वळवायचं, मग कडेचं गटार, आणि पायऱ्या शेवटी. रस्ता ज्या खात्याकडे आहे तिथे मोरी साफ करायचा अर्ज दिला. (ते कोणी आलं नाही. मार्चमधे आम्हीच पहारी घेऊन साफ केली.)

९ फेब्रुवारी

रुंदीचा प्रश्न. मधे एका ठिकाणी गडगा पुढे आल्याने वाट साडेतीन फूटच उरलेली. शहरातल्या फुटपाथला इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस किमान १.८ मीटर मोकळ्या रुंदीची आहे, म्हणजे जवळजवळ ६ फूट, आमची ५ फूट मिळाली तरी खूप. पण साडेतीन फुटात खुर्ची धरून दोन माणसं शेजारी शेजारी चालूच शकत नाहीत, एकाला गडग्यावर पाय देऊन तिरकं जावं लागतं आणि आजारी माणूस त्या खुर्चीत असतो.

कागद दाखवून भांडायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. दोघी वहिनी आणि आबा गडगा ज्यांचा त्या काकूंच्या घरी गेले, चहा झाला, विषय निघाला. काकूंचं म्हणणं एवढंच की गडगा मागे घ्या पण परत तसाच रचून द्या, आणि कडेचं सोनचाफ्याचं झाड तोडू नका. दोन्ही मान्य. गडगा दीड फूट मागे गेला, झाड जागेवर आहे.

१६ फेब्रुवारी

काँक्रीट फोडायला सुरुवात. ब्रेकर भाड्याने, दिवसाला १५०० आणि डिझेल वेगळं.

आत काय निघालं ते सांगतो. ४ इंच जाडीचं काँक्रीट सरळ लाल मातीवर ओतलेलं, खाली सोलिंग (दगडांचा पायाथर) नाही, बाजूला गटार नाही. पाणी कडेने खाली शिरून माती धुवून गेली होती, काही ठिकाणी हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी. वरून मात्र थापी मारून गुळगुळीत फिनिश! कोकणात उघड्या वाटेला गुळगुळीत फिनिश म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवाळ आणि जुलैत कोणाचं तरी हाड. मागच्या दोन पावसाळ्यांत वाडीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांचं खुब्याचं हाड याच १५० फुटांत मोडलं आणि त्यातलं एक माणूस परत चालू शकलं नाही. म्हणून हे काम काढलं, दिसायला छान व्हावं म्हणून नाही.

फोडलेलं काँक्रीट फेकलं नाही. त्याचे तुकडे वीतभर करून सोलिंगला ठेवले, डबराचे (पायात घालायच्या दगडांचे) पैसे वाचले.

२ मार्च

चिरे. आमच्याकडे मिळणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ जाड, खाणीप्रमाणे थोडा फरक पडतो. पोच ४० रुपये नग ठरला, १००० नग.

पहिल्या गाडीतला जवळपास पाव माल परत पाठवला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर वाऱ्या-उन्हात कडक होत जातो, त्यामुळे ताजा कापलेला चिरा लगेच पाखाडीला लावू नये, निदान महिनाभर रचून ठेवावा. पण काही चिरे कधीच कडक होत नाहीत, ज्यांच्यात पिवळट-पांढरट मातीचे मोठे ठिपके असतात ते. घराच्या भिंतीत गिलाव्याखाली हे चालून जातात, पायाखाली दोन वर्षांत त्यांचा खड्डा होतो. गवंड्याने तीन गोष्टी बघायला शिकवल्या: हातोडी मारल्यावर भद्द आवाज आला तर बाजूला, ठिपक्यात खिळा सहज घुसला तर बाजूला, आणि शंका असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी कोपरा बोटाने चोळायचा, चिखल सुटला तर परत. खाणवाले कुरकुरले पण बदलून दिले. गाडी उतरवून घेतानाच तपासायचं, एकदा रचले की कोणी परत घेत नाही.

९ मार्च

एक चिरा ३० किलोच्या आसपास, म्हणजे १००० चिरे ३० टन, आणि तो सगळा माल रस्त्यावर. खाली माणसानेच न्यायचा.

पोरांनी पोफळीची खोडं जोडून घसरण केली, वरून सोडायचा चिरा आणि खाली पेंढ्यावर धरायचा. दिसायला झकास पण कोपरे उडायला लागले. उडालेल्या कोपऱ्याचा चिरा पायरीच्या पुढच्या ओळीला चालत नाही, पुढची धार अख्खीच लागते. पन्नासेक चिरे असे गेल्यावर बंद केलं (ते नंतर गटाराच्या कडेला वापरले). शेवटी नगाला १० रुपये देऊन डोक्यावरून आणि दोघांत काठी घालून नेले. या मजुरीचा हिशोब सुरुवातीच्या अंदाजात कोणीच धरत नाही, तुम्ही धरा.

१३ मार्च

होळी. शिमग्यात काम बंद. पालखी याच वाटेने उतरते आणि पाखाडी उघडी पडलेली, म्हणून फोडलेल्या भागावर मुरूम टाकून, चोपून, कडेला बांबू बांधून दिला. पालखी व्यवस्थित उतरली. नंतर गवंडी त्याच्या गावी, बिगारी त्यांच्या गावी, महिन्याचा बराच भाग गेला. कोकणात काम काढणाऱ्याने मार्च महिना अर्धाच मोजावा.

६ एप्रिल

पहिले ३० फूट लावून झालेत आणि त्यातले जवळजवळ सगळे उचलायचेत.

सगळे सांधे सिमेंटने दर्जा भरून, म्हणजे वरून लिंपून, बंद केले होते, कारण दिसायला तेच पक्कं वाटतं आणि वाडीतल्या बहुतेकांना तेच हवं होतं. वरून पाणी सोडून बघितलं तर पायरीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी साचून राहिलं, कुठेच जाईना. तिथेच शेवाळ धरणार. शिवाय एक चिरा उद्या खचला तर तो एकटा निघत नाही, आजूबाजूचे चार फोडावे लागतात. वरचे जुने १३० फूट परत जाऊन नीट बघितले. तिथे सांध्यात सिमेंट नाहीच, माती आणि चिऱ्याचा चुरा दाबून भरलाय, पाणी सांध्यातून मुरतं आणि उरलेलं कडेला जातं, आणि ती पाखाडी आमच्या आज्यांच्या आधीची आहे.

पण पूर्ण सुकं पण नको होतं, कारण उतार जास्त आहे आणि पुढची ओळ सरकते. मग असं ठरलं, आणि हेच शेवटपर्यंत चाललं:

खाली काँक्रीटच्या तुकड्यांचं सोलिंग ६ इंच, त्यावर मुरूम पाणी मारून चोपलेला. प्रत्येक पायरीत तीन ओळी. पुढची ओळ सिमेंटमधे, पक्की. मागच्या दोन ओळी सुक्या, ग्रिटच्या (बारीक खडीच्या) थरावर, सांध्यात चिऱ्याचा चुरा झाडून भरलेला. पुढची ओळ खालच्या पायरीत इंचभर बुडवायची, म्हणजे ७ इंचाच्या चिऱ्यातून ६ इंचाची चढण मिळते आणि चिरा पुढे सरकत नाही. आणि प्रत्येक पायरीला गटाराच्या बाजूला हलका उतार, ५ फुटात एक इंच. त्याहून जास्त दिला तर चालताना घोटा तिरका पडतो, करून बघितलं.

चिऱ्याची करवतीची बाजू वर नको, खरबरीत बाजू वर. गवंडी सवयीने गुळगुळीत बाजू वर ठेवतो, शेजारी उभं राहून सांगावं लागतं.

२० एप्रिल

साठ पायऱ्यांपैकी निम्म्या झाल्या. आज एक पायरी उचलली. सगळ्या ६ इंचाच्या आणि ती एकच साडेसात, वळणावर लेव्हल जुळवताना आलेली. दिवसा कळत पण नाही, पण काल संध्याकाळी दोन जण तिथेच अडखळले. पाय मागच्या पायऱ्यांची उंची धरून चालतो, एकच वेगळी आली की माणूस पडतो. चार पायऱ्या उचलून फरक वाटून घेतला. गवंड्याचा दिवस गेला, हरकत नाही.

दर बारा पायऱ्यांनंतर ५ फुटाचा सपाट टप्पा ठेवलाय. खुर्ची टेकवायला, दम खायला. चाकाच्या खुर्चीसाठी सलग रॅम्प करता येईल का याचा पण हिशोब केला होता. १ ला १२ उतार धरला तर ३० फूट उतरायला ३६० फूट रॅम्प लागतो आणि आमच्याकडे जागा १५० फुटांची. नागमोडी घ्यायचा तर दोघांच्या बागेतून जावं लागतं. होत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण वाडीत एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर आहे आणि तिला अजूनही उचलूनच वर न्यावं लागतं. टप्पे आणि रुंदी निदान उचलणाऱ्यांना सोपी झाली. तिच्या घराकडे मागच्या बाजूने रस्ता काढायचा विषय पुढच्या ग्रामसभेला घेतोय.

४ मे

तरुण पोरांना बाइक उतरवायला मधे रॅम्प हवा होता. यावर बराच वाद झाला. बाइकचा रॅम्प केला की चालणाऱ्याला दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरतो आणि पावसात तोच रॅम्प घसरगुंडी होतो. शेवटी मधला मार्ग निघाला: गटाराच्या बाजूला ९ इंचाची तिरपी पट्टी, चाक जाईल एवढी, खरबरीत काँक्रीटची, खराटा ओढून आडव्या रेषा मारलेली. सिलेंडरची दोन चाकी ट्रॉली त्यावरून जाते. भरलेला सिलेंडर ३० किलोच्या आसपास असतो, तो आतापर्यंत बायका डोक्यावरून नाहीतर पायऱ्यांवर आपटत नेत होत्या. ज्या दिवशी पट्टी सुकली त्या दिवशी चार घरांचे सिलेंडर उतरले.

कठडा एका बाजूला, सगळ्यात उताराच्या ८० फुटांना. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, ३ फूट उंच. खांबांच्या बुडाशी काँक्रीट जमिनीपासून दोन इंच वर आणून चारी बाजूंनी उतरतं केलं. पाइपच्या बुडाशी पाणी थांबलं की तिथेच गंज लागून तुटतो, शाळेजवळचा जुना कठडा तसाच गेलाय.

१८ मे

पायऱ्या झाल्या. खालच्या १४० फुटांत जुनेच चिरे उचलून, सोलिंग घालून परत बसवायचं चालू आहे. कडेचं गटार ९ इंच रुंद, ९ इंच खोल, वरपासून खालपर्यंत. एका ठिकाणी गटार पाखाडी ओलांडून पऱ्याकडे जातं, तिथे ६ इंची पीव्हीसी पाइप टाकून वरून पायरी बसवली. पाऊस ७ जूनच्या आसपास धरलाय, वेळ आहे.

२१ मे

वेळ नाही. कालपासून पाऊस. अवकाळी म्हणून सोडून द्यावा असा नाही, धो धो.

२५ मे

काल समुद्रातलं डिप्रेशन (कमी दाबाचं क्षेत्र) रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं, आणि आज हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं सांगितलं. आगोटीची (पावसाळ्याआधीच्या तयारीची) कामं कोणाचीच झाली नाहीत, लाकडं भिजली, आणि आमचे खालचे ४० फूट उघडे.

नुकसान: ६ इंची पाइप पहिल्याच दिवशी फणसाच्या पानांनी बंद झाला. पाणी उडी मारून पायरीवर आलं आणि तीन पायऱ्यांखालचा मुरूम धुवून नेला. चिरे जागेवर पण खाली पोकळी, पाय दिला की हलतात. लगेच दोरी बांधून ती बाजू बंद केली.

चांगली गोष्ट, वरच्या तोंडाशी मारलेल्या चराने काम केलं. रस्त्याचं पाणी पऱ्याकडे जातंय, पाखाडीवर फक्त पाखाडीवर पडलेलाच पाऊस आहे. छत्री घेऊन तासभर उभा राहून बघितलं, पाणी पायरीपायरीने गटारात जात होतं. तो चर नसता तर साठही पायऱ्या गेल्या असत्या.

८ जून

पाइप काढून टाकला. झाडांखाली बंद पाइप नकोच, कितीही मोठा घ्या. त्याजागी उघडी मोरी, १२ इंच रुंद, आणि वर हाताने उचलता येतील अशी काँक्रीटची झाकणं, २ फूट बाय दीड फूट, ३ इंच जाड, आत ८ एमएमच्या सळ्या, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या. झाकणं देवळाच्या पडवीत ओतली, बाहेर सुकतच नव्हती. तीन पायऱ्या उचलून परत लावल्या. हे काम पावसाच्या उघडिपीत झालं, खर्च ६ हजार जास्तीचा.

उघड्या ४० फुटांवर फक्त जुने चिरे ठेवून सांधे चुऱ्याने भरले, सोलिंग नाही. ते पावसाळ्यानंतर परत उचलायचेत.

१० ऑगस्ट

गणपतीच्या आधीची साफसफाई. नवीन भागात पण शेवाळ आलंच, पण फक्त जिथे फांद्यांची सावली आहे तिथे, आणि खरबरीत चिऱ्यावर असल्याने पाय धरतो. ब्लिचिंग पावडर टाकायची सूचना होती ती टाळली, पाणी खाली पऱ्यात जातं आणि तिथे गुरं पितात. वायर ब्रश आणि खराट्याने घासलं. फांद्या छाटल्यावर आठवड्याभरात फरक दिसला. सोनचाफ्याच्या फांद्या काकूंना विचारून.

पानं काढायची पाळी घरागणिक लावलीय, दर रविवारी एक घर. पहिल्या महिन्यात दोन घरं चुकली, मग यादी देवळात लावली.

३० ऑगस्ट

चतुर्थी २७ ला झाली. सगळे चाकरमानी गणपती घेऊन याच वाटेने उतरले, भर पावसात. कोणी घसरलं नाही.

१२ ऑक्टोबर

हिशोब मंडळाला दिला, तोच इथे. चिरे ४० हजार, ते खाली न्यायची मजुरी १० हजार, सिमेंट १७ हजार, क्रश सँड आणि ग्रिट साडेतेरा हजार, गवंडी आणि दोन बिगारी मिळून ५३ हजार, कठडा वेल्डिंगसकट १७ हजार, ब्रेकर साडेचार हजार, पावसानंतरची दुरुस्ती ६ हजार. एकूण १ लाख ६१ हजार. सुरुवातीचा अंदाज १ लाख १० हजारांचा होता. वाढलं ते वाहतूक, एप्रिलमधे उचलून परत लावलेले ३० फूट आणि पाइपची मोरी यात. श्रमदान यात धरलेलं नाही, ते धरलं तर आकडा बराच वर जाईल.

कोणी करणार असेल तर माझं सांगणं, काम दिवाळी झाल्या झाल्या सुरू करा आणि १५ मेच्या आत संपवा, ७ जून धरू नका. चिरे तर ऑक्टोबरातच आणून रचून ठेवा.

आमचे खालचे ४० फूट बाकी आहेत. सोलिंगसाठी डबर आलंय, गवंडी भाऊबीजेनंतर येतो म्हणालाय, आणि वळणावर एक सौर दिवा पंचायतीकडे मागितलाय, अर्जाची पोच मिळाली.